बेटाची शपथ

मुलांनो, एक दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा. रविवारची दुपार आहे. सगळे चर्चमधून येऊन जेवले आहेत, कोनफळाच्या दाट रश्शाचं, इकोकोरेचं पातेलं अजून टेबलावरच आहे, आणि वीज गेलेली नाही म्हणून पंख्याखाली सगळे जरा खुशीत आहेत. आता असं समजा, की या खोलीतल्या माणसांनी एक देश विकत घ्यायला काढला आहे. सगळा देश नव्हे, तिथले म्हणवून घेण्याचा हक्क तेवढा. तुम्ही कुठले, असं कोणी विचारलं तर यापुढे त्यांच्याकडे दोन उत्तरं असणार होती. व्हिसाच्या ज्या खिडकीवर जे चालेल ते द्यायचं, असा बेत होता.

खोलीत कोणाला यात विचित्र काही वाटत नव्हतं. कॅरिबियन समुद्रातला तो देश त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. घरात त्याला नुसतं 'बेट' म्हणत, आपण 'बँक' म्हणतो तसं.

इया खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसून नातीच्या वेण्या घालत होती. घरात ती इया, म्हणजे आई. घराबाहेर सारं ओडो-आयेन गाव तिला इयालोजा म्हणे, बाजाराची आई. बाजारात कोणी कुठे बसायचं, टोमॅटोचा भाव कोणी पाडला, कोणाच्या पाटीतून कोणी काय उचललं, याचा निवाडा तिच्यापुढे होई. कोको-गोदामाच्या वाटणीत भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसले होते, तेव्हाही शेवटी तिच्याच अंगणात येऊन गप्प झाले होते.

नात इफे खाली चटईवर, तिच्या गुडघ्यांमध्ये डोकं देऊन बसली होती. इफे नऊ वर्षांची. आईबाप लागोसला असत, ही दूध सुटल्यापासून आजीजवळ. रात्री आजीच्या पाठीला पाठ लावल्याशिवाय तिला झोप येत नसे. आणि खरं सांगायचं तर आजीलाही येत नसे.

"मंगळवारी सकाळी लागोसला बेटाचे प्रतिनिधी येतात," मिस्टर ओकॉन सांगत होते. ओकॉन म्हणजे हा सगळा व्यवहार जमवून देणारे एजंट. मूळचे कॅलाबारचे, अंगावर उन्हाळ्यातही कोट, आवाज लोण्यासारखा. "त्यांच्यासमोर मोठ्या माणसांनी एकेक करून शपथ घ्यायची. दोन मिनिटांचं काम. मग फोटो, आणि नंतर थोडा नाश्ता असतो."

"नाश्त्याला काय असतं?" अबिदेमीने विचारलं. ही इयाची धाकटी मुलगी. गावातच तिचं औषधांचं दुकान होतं.

"सँडविच, ताई."

"एवढे डॉलर घेऊन सँडविच?"

"तुला काय करायचंय?" तिचा थोरला भाऊ, इफेचा बाप सान्मी म्हणाला. "तुझं नाव नाही त्यात."

"नाहीच ना! बहीण कुटुंबात येत नाही म्हणे बेटाच्या हिशेबाने. बरं झालं दादा, तुम्ही सांगितलंत. इतकी वर्षं मी उगाचच तुम्हाला वाकून नमस्कार करत होते."

सान्मी लागोसमध्ये फरशांचा व्यापार करी. त्याच्या फरशा दुबईमार्गे येत. त्याला स्वतःला मात्र दुबईचा व्हिसा मिळत नसे. दर वेळी खिडकीमागची मुलगी गोड हसे आणि कारण न सांगता पासपोर्ट परत करी. फरशीला जे जमतं ते मला जमत नाही, असं म्हणता म्हणता त्याने एक दिवस ओकॉनना फोन केला होता. आता बेटाचा पासपोर्ट आला, की दुबईत ऑफिस उघडायचं, बिऱ्हाड तिकडे हलवायचं, इफेची शाळाही तिकडेच, असं ठरलं होतं. आईचं नावही त्याने अर्जात घातलं होतं.

"इया, एकदा म्हणून बघा ना," तो म्हणाला. "मंगळवारी अडखळायला नको."

"काय म्हणायचं?"

ओकॉन खुर्चीत सावरून बसले. "'मी शपथ घेते, की मी या बेटाशी, त्याच्या राजाशी आणि त्याच्या कायद्याशी खरेपणाने एकनिष्ठ राहीन.' एवढंच, आई."

इयाने वेणीचा पेड तसाच बोटांत धरून ठेवला. "कोण राजा?"

"बेटाचा राजा."

"मग गेल्यावर आधी त्याच्या दारी जावं लागेल."

"तो तिथे राहत नाही, आई. तो इंग्लंडमध्ये असतो."

"म्हणजे राजाही तिथे राहत नाही?"

"नाही."

"आणि आम्हीही राहणार नाही."

"तुम्हाला जायलाच हवं असं काही नाही," ओकॉन म्हणाले. हे सांगताना गिऱ्हाइकं खूश होतात असा त्यांचा अनुभव होता.

"तिथे आपलं काय आहे मग?"

"हॉटेल आहे, इया," सान्मी घाईने म्हणाला. "म्हणजे हॉटेलात आपला हिस्सा आहे."

"केवढा?"

सान्मीने ओकॉनकडे पाहिलं. ओकॉन म्हणाले, "साधारण एका खोलीचा काही भाग."

"कुठला भाग? दार का खिडकी?"

अबिदेमीला ठसका लागला. तितिलोपेने, म्हणजे सान्मीच्या बायकोने, तिला पाणी दिलं आणि देताना पेला जरा जोरातच टेकवला.

"इया," सान्मी म्हणाला, "हे नुसते शब्द आहेत. फोनमध्ये काही उघडायच्या आधी 'मान्य आहे' वर बोट ठेवतो ना आपण, तसं."

इयाने पेड पुन्हा विणायला घेतला. ती इयालोजा झाली त्या दिवशी गावच्या राजाने तिच्या डोक्यावर अकोको झाडाची मानाची पानं ठेवली होती आणि तिने सगळ्यांसमोर तोंडातून शब्द काढला होता: हा बाजार सोडून दुसऱ्या कुठल्या दाराची होणार नाही. तेव्हा हाच सान्मी पहिल्या रांगेत बसून रडला होता. फरशांचा धंदा वाढला की माणसं असलं विसरतात, एवढंच तिच्या मनात आलं.

"आणि मी नाही घेतली शपथ तर?"

"तर तुमचं नाव गळेल. मग तुम्हाला तिकडे घेऊन जाता येणार नाही." सान्मीचा आवाज खाली आला. "इफे तिकडे आणि तुम्ही इकडे. मला ते नकोय. तुम्हाला तरी हवंय का?"

इफेने मान वळवली नाही. आजीने पेड एकदम घट्ट ओढला, तो मात्र तिला कळला.

"दादा, तुम्ही त्यांना असं पेचात धरू नका," अबिदेमी म्हणाली. "इया गेल्या तर बाजाराचं काय? गावाला काय उत्तर द्यायचं?"

"बाजार कोणी तरी बघेल."

"कोण बघेल? लोक ज्यांच्या शब्दावर उठतात-बसतात ते असं कोणीही थोडंच असतं? बायकांना ओळखणारं हवं, हिशेबाचं हवं, गावातच राहणारं..." अबिदेमी बोलता बोलता थांबली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग नखांकडे पाहिलं. पुढे ती बोलली तेव्हा तिचा सूर मघाचा नव्हता. "अर्थात, इयांनी आयुष्यभर कष्टच केलेत. आता मुलाकडे राहून आराम केला तर त्यात वाईट काय आहे? इया, मला वाटतं तुम्ही जावं."

"आत्ता तर जाऊ नका म्हणत होतीस!" सान्मी म्हणाला.

"माणसाने विचार करू नये का?"

तितिलोपे आतापर्यंत नवऱ्याच्या बाजूने मान हलवत होती. इया खरंच येणार, दुबईच्या त्या स्वयंपाकघरात सकाळी तिच्या आधी उठून उभी असणार आणि मिठाचा डबा नेहमीच्या जागी नाही म्हणून आवाज देणार, हे चित्र बहुधा तिलाही आत्ताच दिसलं. ती हळूच म्हणाली, "इफेचे बाबा, इयांचं मन नसेल तर जबरदस्ती कशाला? मोठ्या माणसांचा शब्द मोडायला लावणं बरं नाही."

"काल रात्री तर तूच म्हणालीस..."

"रात्रीचं रात्री."

"वा गं आमची बायको," अबिदेमी म्हणाली. नवऱ्याकडची माणसं, बायकासुद्धा, सुनेला असंच म्हणतात. "इयांच्या शब्दाची फारच काळजी तुला!"

"तुम्हाला त्यांच्या आरामाची, तशी मला शब्दाची," तितिलोपे नम्रपणे म्हणाली.

असे सगळे इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे होऊन बसले. सान्मी एकटा मध्ये उरला. ओकॉननी घड्याळात पाहिलं. अशा दुपारी त्यांनी बऱ्याच घरांत काढल्या होत्या.

इयाने शेवटची वेणी बांधली, इफेच्या मानेवरचं तेल पुसलं आणि ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेली लांबट वस्तू होती. टेबलावरचं पातेलं बाजूला सारून तिने ती ठेवली आणि फडकं सोडलं. आत धार गेलेला जुना कोयता होता.

तो पाहिल्याबरोबर सान्मी उभा राहिला. "इया, आज रविवार आहे!"

बाजारातलं भांडण शेवटपर्यंत सुटलं नाही, की इया लोखंडाच्या जुन्या देवाचा हा कोयता बाहेर काढी. कोर्टात माणसं पवित्र ग्रंथावर हात ठेवून खुशाल वाटेल ते सांगतात, हे ओडो-आयेनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण या लोखंडावर हात ठेवून खोटं बोलणारं कोणी अजून निघालं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याची पुढे कधी तरी गाठ लोखंडाशी पडायची असते. आणि गाडी लोखंडाची, दाराची कडी लोखंडाची, न्हाव्याचा वस्तराही लोखंडाचा.

"मंगळवारी जे बोलायचं ते आज इथे बोला," इया म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, म्हणून बघू या? आधी तुम्ही म्हणा. मग मी म्हणते."

"मी ख्रिस्ती बाई आहे," तितिलोपे म्हणाली.

"मीही आहे. सकाळी तुझ्याच बाकावर बसले होते."

सान्मीने कोटाची बाही मागे सारली. व्यापारात त्याने मोठमोठ्या जोखमी घेतल्या होत्या. तो टेबलापाशी आला आणि कोयत्यावर हात ठेवला. ओकॉन एकेक शब्द सांगू लागले, तो मागून म्हणू लागला.

"मी शपथ घेतो..."

"मी शपथ घेतो..."

"की मी या बेटाशी, त्याच्या राजाशी आणि त्याच्या कायद्याशी..."

एवढंही तो म्हणाला.

"खरेपणाने..."

सान्मी थांबला. पंखा फिरत होता. त्याने हात उचलून पँटला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"मिस्टर ओकॉन, हा शब्द जरा बदलता येईल का? 'खरेपणाने' च्या जागी 'शक्य तितकं' असं काही?"

"शब्द बदलता येत नाहीत, साहेब. ते बेटाच्या कायद्यात आहेत."

"मग मंगळवारीच म्हणतो," सान्मी म्हणाला आणि खुर्चीत बसला.

इयाने तितिलोपेकडे पाहिलं. तितिलोपे म्हणाली, नवऱ्याने शपथ पुरी केल्याशिवाय बायकोने पुढे जाणं तिच्या माहेरी शिकवलेलं नाही. इयाने मग ओकॉनकडे पाहिलं.

"तुमच्याकडे आहे का हो तो पासपोर्ट?"

"नाही आई. मला कुठला परवडतो!"

"परवडला असता तर ठेवला असता हात?"

ओकॉननी कोयत्याकडे पाहिलं. "गाडी उन्हात आहे," ते म्हणाले. "जरा ड्रायव्हरला सांगून येतो." पण ते दारापर्यंत जाऊन परत फिरले, कारण चटईवरून इफे उठली होती.

"मी घेऊ शपथ?"

"तुला लागत नाही बाळ," ओकॉन म्हणाले. "लहान मुलांना लागत नाही. आईवडिलांबरोबर तुझं आपोआप होतं."

"पण मी तिथलीच होणार ना?"

"हो."

"मग न सांगता कशी होणार?"

इफे आजीकडे बघत उभी राहिली.

इयाला नाही म्हणता आलं असतं. एवढ्याशा मुलीला लोखंडापुढे उभं करायचं नसतं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला असता. शब्द तिच्या जिभेवर आलाही. पण बाजारात शपथ घ्यायला आलेल्या माणसाला ती नेहमी आधी एक गोष्ट विचारी आणि मगच ठरवी. तेवढी न विचारता हिला परत बसवलं, तर ते शपथेची चाड म्हणून नव्हे, नात हातची जाऊ नये म्हणून, हे तिचं तिला कळत होतं.

"ज्यांना शब्द देतेस त्यांचं तुला काय माहीत आहे?" तिने विचारलं.

"त्यांच्याकडे वादळ येतं," इफे म्हणाली. "दर वर्षी नाही, पण येतं तेव्हा घरांवरची छपरं उडून जातात. शाळेत नकाशा होता त्यावर आमच्या सरांनी दाखवलं. मग माणसं चर्चमध्ये झोपतात आणि सगळे मिळून एकेकाचं छप्पर परत ठोकतात."

"वादळ?" सान्मी ओकॉनकडे वळला. "तुम्ही वादळाचं बोलला नव्हतात."

"हॉटेलाचा विमा आहे, साहेब."

"आणि तू काय करशील?" इयाने नातीला विचारलं. बाकी कोणाकडे तिचं लक्ष नव्हतं.

इफेने विचार केला. "मोठी झाले की वादळ आल्यावर जाईन. खिळे घेऊन. आता नाही जमणार."

"आता नाही जमणार," इया म्हणाली. "बरोबर आहे. ठेव हात."

"इया!" तितिलोपे ओरडली. सान्मी अर्धवट उठला. पण इयालोजाने बोट वर केलं की भरल्या बाजारात बायका भाव सांगायच्या थांबत. इथे तर चौघंच होते.

इफेने दोन्ही हात कोयत्यावर ठेवले. ओकॉन सांगायला पुढे झाले, पण तिला ते लागलं नाही. मघाशी दोनदा ऐकलं तेवढ्यात तिचं पाठ झालं होतं. ती सावकाश, शाळेत प्रार्थना म्हणतात त्या आवाजात बोलली, आणि 'खरेपणाने' पाशी थांबली नाही. सगळं म्हणून झाल्यावर तिने हात काढले. तळहातावर गंजाचा तांबूस पट्टा उमटला होता. तो तिने फ्रॉकला पुसला नाही.

इयाने कोयता परत फडक्यात गुंडाळला.

"माझं नाव काढा," ती ओकॉनना म्हणाली.

"इया, ऐका तरी," सान्मी म्हणाला.

"ऐकलं. माझा शब्द या गावात देऊन झाला आहे, सान्मी. दुसरा माझ्याकडे नाही. हिने आपला अजून कोणाला दिला नव्हता. आता दिला. तिला घेऊन जा."

"तुम्ही एकट्या राहाल."

"राहीन."

"आणि आम्ही? मंगळवारी?"

"मंगळवारी जाऊन म्हणा काय म्हणायचं ते. तिथे लोखंड नसतं. सँडविच असतं."

सान्मीने मान खाली घातली. तितिलोपेचे डोळे भरून आले होते, आणि मिठाच्या डब्याचा विचार आपण केला होता याचं तिला वाईट वाटत असावं, कारण ती उठून इयाच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. बाजार कोणाकडे जाणार, हा प्रश्न पुन्हा पुढे ढकलला गेला होता. पण अबिदेमीने इकोकोरेचं पातेलं उचललं आणि न सांगता आत नेऊन ठेवलं. असं ती कधी करत नसे.

ओकॉननी इयाचं नाव काढलं आणि कागद बॅगेत घातले. भरलेली रक्कम परत मिळत नाही, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. इफे खोलीत नव्हती.

"रडायला गेली असेल," तितिलोपे उठत म्हणाली. "बघते मी."

"राहू दे," इया म्हणाली. तिचे हात मांडीवर होते, आणि त्यांना आता काही काम नव्हतं.

इफे रडायला गेली नव्हती. मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून ती पुढच्या फाटकापाशी आली, जिथून फक्त परकी माणसं येतात. ओकॉनचा ड्रायव्हर सावलीत बसला होता, त्याला तिने वाकून नमस्कार केला. पायरीखाली चपला काढल्या. मग तिने स्वतःच्याच घराच्या दारावर टकटक केली, आणि आतून 'ये' ऐकू आल्यावर आत येऊन, परगावची बाई बाजारात बसायला जागा मागायला येते तशी, दोन्ही गुडघे टेकून, नजर खाली घालून इयापुढे बसली.

"इयालोजा," ती म्हणाली, "मी बेटावरून आले आहे. माझं इथे कोणी नाही. तुमच्या बाजारात मला जागा द्याल का?"